एका शोधाला दोन पेटंटे : दुबार पेटंटाचा प्रश्न आणि मीमांसेचा कर्मभेदविचार

दोन वस्तू खरोखर दोन आहेत की एकच वस्तू दोनदा सांगितली गेली आहे, हा प्रश्न भारतीय दर्शनांत फार जुना आहे. परंतु आजच्या काळात तो केवळ ग्रंथांत उरलेला नसून पेटंट कार्यालयातील परीक्षकाला त्याचे उत्तर सकारण द्यावे लागते आणि त्या उत्तरावर कोणाची मक्तेदारी टिकणार, कोणाची नाकारली जाणार, हे ठरते. पेटंट म्हणजे शोध जाहीर करण्याच्या बदल्यात शोधकर्त्याला ठरावीक मुदतीसाठी मिळणारा अनन्य हक्क. भारतात ही मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे आहे. अर्जात शोधाचे सविस्तर वर्णन असते आणि शेवटी क्रमाने दावे असतात. नेमक्या कोणत्या गोष्टीवर हक्क सांगितला आहे, त्याची सीमा हे दावे आखतात. त्याच अर्जदाराने त्याच शोधावर, किंवा त्याहून नाममात्र वेगळ्या शोधावर, दुसऱ्यांदा पेटंट मागितले, तर त्याला दुबार पेटंट म्हणतात आणि परीक्षक त्या कारणावरून आक्षेप घेऊन अर्ज फेटाळू शकतो.

ग्राहकसेवेच्या सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात हा आक्षेप विशेष संभवतो. ग्राहकाची तक्रार ईमेल, फोन किंवा चॅटवरून येते, तिचे एक तिकीट तयार होते, ते योग्य कर्मचाऱ्याकडे जाते आणि तक्रार मिटली की बंद होते; या साखळीतील प्रत्येक कडी शब्दांत निरनिराळ्या प्रकारे मांडता येते. यंत्राच्या बाबतीत सुटा भाग हातात घेऊन पाहता येतो, सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र शोध हा बहुतांशी पायऱ्यांचा क्रम असतो आणि तो क्रम एकदा पद्धत म्हणून, एकदा प्रणाली म्हणून आणि एकदा संगणकाने वाचायच्या माध्यमावरील सूचना म्हणून लिहिता येतो. अमेरिकेत एकाच मूळ वर्णनावरून सातत्य-अर्जांची मालिका दाखल करण्याची प्रथा रुळलेली आहे, म्हणजे पहिला अर्ज प्रलंबित असतानाच त्याच वर्णनावर नवे दावे बेतून पुढचा अर्ज केला जातो. आणि अशा मालिकेतील पुढच्या अर्जांवर दुबार पेटंटाचा आक्षेप ही नित्याची गोष्ट आहे.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात या प्रश्नाची दोन टोके, म्हणजे आधुनिक उद्योग आणि जुने शास्त्र, एकमेकांपासून फार दूर नाहीत. शहराच्या पूर्वेस जालना रस्त्यावरील करमाडच्या परिसरात शेंद्र्याची औद्योगिक वसाहत आणि दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यातील ऑरिक ही औद्योगिक नगरी उभी राहिली आहे. तेथील एखाद्या उद्योगाने पेटंटासाठी अर्ज केला, तर प्रादेशिक अधिकारक्षेत्राच्या नियमानुसार तो मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातो. त्याच जिल्ह्याच्या दक्षिणेस गोदाकाठी पैठण आहे आणि पूर्वमीमांसा या शास्त्राच्या उत्तरकालीन इतिहासात पैठणशी नाते सांगणाऱ्या घराण्यांचे स्थान मोठे आहे. सोळाव्या शतकात रामेश्वरभट्ट पैठणहून काशीस गेले. त्यांच्या वंशात नारायणभट्ट, १६१२ मध्ये निर्णयसिंधु पूर्ण करणारे कमलाकरभट्ट आणि १६७४ मध्ये शिवराज्याभिषेकाचे पौरोहित्य करणारे, भाट्टचिंतामणि या मीमांसाग्रंथाचे कर्ते गागाभट्ट झाले. मीमांसान्यायप्रकाश लिहिणारे आपदेव यांच्या घराण्याची परंपरा तर एकनाथांपर्यंत पोहोचते असे मानले जाते. विधिवाक्यांचा अर्थ कसा लावावा, हे सांगणाऱ्या या शास्त्राचा एक संपूर्ण अध्याय दोन वाक्ये एकच कर्म सांगतात की दोन, या एकाच प्रश्नाला वाहिलेला आहे. म्हणून दुबार पेटंटाचा विचार मीमांसकांच्या अधिकरणपद्धतीने, म्हणजे विषय, संशय, पूर्वपक्ष, सिद्धान्त आणि संगती या पाच अंगांनी करणे हे या विषयाला परके नाही.

विषय प्रथम निश्चित केला पाहिजे. भारतीय पेटंट कायदा १९७० चा आहे. त्याच्या ४६ व्या कलमानुसार एक पेटंट एकाच शोधासाठी दिले जाते. परंतु एका शोधाला एकच पेटंट, हे उलट विधान त्या कलमात थेट आलेले नाही, ते इतर तरतुदींतून जमवावे लागते. कलम १३ नुसार परीक्षकाने आधीच्या तारखेच्या अन्य अर्जात तोच दावा केलेला आहे का, हे तपासायचे असते. कलम ६४ नुसार असा पूर्वदावा हे पेटंट रद्द करण्याचे कारण ठरते. एका अर्जात एकाहून अधिक शोध आले असतील, तर कलम १६ अन्वये तो विभागून नवा अर्ज करता येतो आणि त्याला मूळ अर्जाचीच तारीख मिळते. मात्र एका अर्जात दावा केलेली बाब दुसऱ्याच्या दाव्यात येऊ नये, यासाठी पेटंट नियंत्रक दुरुस्तीचा आदेश देऊ शकतो. सॉफ्टवेअरच्या बाबतीत या सगळ्याच्या आधी कलम ३ चा (के) हा खंड ओलांडावा लागतो, कारण त्यानुसार गणिती किंवा व्यवसायाची पद्धत, निव्वळ संगणकीय प्रोग्राम आणि अल्गोरिदम हे शोधच मानले जात नाहीत. म्हणजे ग्राहकसेवेच्या सॉफ्टवेअरला आधी आपण शोध आहोत हे सिद्ध करावे लागते आणि मग आपण आधीच्या शोधाहून वेगळे आहोत हे.

अमेरिकेत दुबार पेटंटाचे दोन प्रकार मानतात. दोन्ही दावे तंतोतंत एकाच शोधाचे असतील, तर नकाराचा आधार कायद्याच्या मजकुरातच सापडतो आणि त्यावर तोडगा नसतो, दावा बदलावा किंवा सोडावाच लागतो. दावे शब्दशः एक नसून दुसरा पहिल्यावरून त्या क्षेत्रातील जाणकाराला सहज सुचण्याजोगा असेल, तर नकार न्यायालयांनी घडवलेल्या तत्त्वावर उभा असतो आणि अर्जदाराला मुदतीचा त्याग लिहून देऊन तो दूर करता येतो. म्हणजे दुसरे पेटंट पहिल्याबरोबरच संपेल आणि दोन्हींची मालकी एकाकडे असेपर्यंतच ते बजावता येईल, असे त्याला मान्य करावे लागते. युरोपीय पेटंट कार्यालयाच्या विस्तारित अपील मंडळाने जून २०२१ मध्ये असा निर्णय दिला की, त्याच अर्जदाराच्या त्याच विषयावरील दुसऱ्या अर्जाला, तसे स्पष्ट कलम नसतानाही, सर्वमान्य प्रक्रियातत्त्वांच्या आधारे नकार देता येतो. एकाच शोधाला भारतात आणि अमेरिकेत वेगवेगळी पेटंटे मिळणे मात्र दुबार नव्हे, कारण पेटंटाचा हक्क त्या त्या देशाच्या सीमेपुरता असतो.

संशय असा : दुसऱ्या अर्जातील दाव्याचे शब्द, नाव, क्रमांक आणि तपशील पहिल्याहून वेगळे आहेत, तेवढ्यावरून तो वेगळा शोध मानावा, की हे सारे भेद असूनही आतील शोध एकच आहे असे म्हणावे?

पूर्वपक्ष दुबळा नाही. पेटंटाची सीमा दाव्याच्या शब्दांनीच ठरते, त्यामुळे शब्द वेगळे असतील तर सीमा वेगळी आणि सीमा वेगळी असेल तर हक्कही वेगळा, असे अर्जदार म्हणू शकतो. सॉफ्टवेअरची प्रगती लहान लहान पावलांनीच होते, तेव्हा प्रत्येक पावलाला जुन्याचीच पुनरुक्ती म्हटले तर सुधारणा करण्याची प्रेरणाच संपेल, हा त्याचा दुसरा मुद्दा. तिसरा मुद्दा अधिक बोचरा आहे : विभाजित अर्जाला मूळ अर्जाचीच तारीख मिळत असल्याने दोन्ही पेटंटे एकाच दिवशी संपतात, अमेरिकेतही १९९५ पासून मुदत अर्जाच्या तारखेवरून मोजली जाते, मग दुसऱ्या पेटंटाने जनतेची एका दिवसाचीही हानी होत नसेल, तर आक्षेप कशासाठी?

या पूर्वपक्षाची पारख करण्यासाठी मीमांसेचा मूळ ग्रंथ असलेल्या जैमिनीच्या सूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाकडे वळणे उपयोगी ठरते. तेथे कर्म वेगळे आहे हे ओळखण्याची सहा प्रमाणे सांगितली आहेत. शब्दान्तर म्हणजे क्रियापदच वेगळे असणे, कारण याग, दान आणि होम या क्रिया मुळातच निराळ्या आहेत. अभ्यास म्हणजे तेच क्रियापद पुन्हा येणे. प्रयाज नावाच्या पाच अंगयागांच्या बाबतीत ते पाचदा येते म्हणून ती पाच कर्मे. संख्या म्हणजे वाक्यातच अनेकत्व सांगितलेले असणे, संज्ञा म्हणजे वेगळे नाव असणे, गुण म्हणजे द्रव्य किंवा देवता यांसारखे अंग वेगळे असणे आणि प्रकरणान्तर म्हणजे वाक्य वेगळ्या संदर्भात येणे. महिनाभर करायचे अग्निहोत्र रोजच्या अग्निहोत्राहून वेगळे मानले जाते ते या शेवटच्या प्रमाणामुळे. याच अध्यायाच्या अखेरीस, वेदाच्या निरनिराळ्या शाखांत तपशिलाचा फरक असूनही अग्निहोत्रासारखे कर्म एकच आहे, असाही निर्णय आहे. म्हणजे मीमांसक भेद सहजासहजी मान्य करत नाहीत. भेदाला प्रमाण लागते आणि ते न मिळाल्यास कर्म एकच समजावे लागते.

परंतु ही सहा प्रमाणे जशीच्या तशी पेटंटाला लावणे चुकीचे ठरेल आणि त्याचे कारणच या चर्चेचा गाभा आहे. पुनरुक्तीवरून भेद मानण्यामागे मीमांसकांचे एक गृहीतक आहे : वेद अपौरुषेय आहे, म्हणजे त्याला कोणी कर्ता नाही, त्याला कोणताही स्वार्थ नाही आणि त्याचे एकही वाक्य निरर्थक असू शकत नाही. म्हणून तेच विधान पुन्हा आले, तर त्यातून काहीतरी नवे सांगायचे असलेच पाहिजे. पेटंटाच्या अर्जाला मात्र कर्ता आहे, त्या कर्त्याला हितसंबंध आहे आणि पुनरुक्तीतून त्याला थेट लाभ होतो. तेव्हा अभ्यास, संख्या आणि संज्ञा ही तीन प्रमाणे येथे आपले बळ गमावतात. तोच दावा पाच अर्जांत येणे, अर्जांना पाच क्रमांक मिळणे किंवा प्रत्येकाला नवे शीर्षक असणे यातून अर्जदाराची इच्छा कळते, शोधाचे अनेकत्व कळत नाही. प्रकरणान्तरही येथे फारसे चालत नाही, कारण वेगळ्या प्रकरणात आधीचे कर्म बुद्धीसमोर नसते म्हणून तेथे भेद मानला जातो, तर परीक्षकासमोर आधीचा अर्ज ठेवलेलाच असतो. भेदाची कोणती खूण ग्राह्य धरावी, हे बोलणारा किती निःस्वार्थ आहे यावर अवलंबून असते. हितसंबंधी वक्त्याच्या बाबतीत केवळ त्याच खुणा उरतात ज्या त्याच्या शब्दांवर नव्हे, तर क्रियेच्या स्वरूपावर उभ्या आहेत. अशा खुणा दोन : क्रियाच वेगळी असणे आणि अंगात असा बदल असणे की तो जुन्या क्रियेत सामावू शकत नाही.

यातील दुसरी खूण सूक्ष्म आहे आणि मीमांसकांनी ती दोन उदाहरणांतून स्पष्ट केली आहे. अग्निहोत्र आधीच विहित असताना दह्याने होम करावा असे वाक्य येते, तेव्हा तेथे नवा होम सांगितलेला नसतो. होम तोच, केवळ दही हे द्रव्य नवे, आणि अशा वाक्याला गुणविधी म्हणतात. याउलट चातुर्मास्यांतील वैश्वदेव पर्वात, तापलेल्या दुधात दही घातल्यावर होणारा घट्ट भाग, म्हणजे आमिक्षा, विश्वेदेवांना सांगितलेली आहे आणि उरलेले पाणी, म्हणजे वाजिन, हे वाजी नावाच्या देवतांना सांगितलेले आहे. पहिल्या यागात द्रव्याची आणि देवतेची जागा आधीच भरलेली असल्याने वाजिनाला तेथे प्रवेश मिळत नाही, म्हणून तो याग वेगळा मानावा लागतो. बदल लहान की मोठा, हा येथे निकषच नाही. जुन्या क्रियेत त्या बदलाला रिकामी जागा आहे की नाही, हा निकष आहे.

ग्राहकसेवेच्या सॉफ्टवेअरचे एक काल्पनिक उदाहरण घेऊन हा निकष पडताळता येतो. पहिल्या अर्जात अशी पद्धत आहे की, ग्राहकाचा ईमेल वाचून तक्रारीचा प्रकार ओळखला जातो आणि तिकीट त्या प्रकारात तरबेज असलेल्या कर्मचाऱ्याकडे एकदाच आणि कायमचे नेमून दिले जाते. दुसऱ्या अर्जात बाकी सारे तेच ठेवून ईमेलच्या जागी चॅट घातला, तर तो दह्याच्या होमासारखा गुणविधी झाला. ग्राहकाचा मजकूर कोणत्याही मार्गाने आला तरी पहिल्या पद्धतीत त्याला जागा होतीच. तिसऱ्या अर्जात मात्र संभाषण चालू असताना ग्राहकाच्या प्रतिसादावरून नेमणूक पुन्हा पुन्हा तपासली जाते आणि गरज पडल्यास आधीच्या संभाषणाचा सारांश जोडून तिकीट दुसऱ्याकडे सोपवले जाते. येथे नेमणुकीची जागा पहिल्या पद्धतीत एकदाच भरून बंद झालेली आहे; नवी पायरी तिच्यात बसत नाही, ती मोडूनच उभी राहते. दुसऱ्या अर्जावर दुबार पेटंटाचा आक्षेप न्याय्य आहे, तिसऱ्यावर तो घेण्यापूर्वी परीक्षकाने थांबून विचार केला पाहिजे. अर्थात तिसरा अर्ज वेगळा ठरला म्हणून तो पेटंटास पात्र ठरलाच असे नाही. नावीन्य, शोधकता आणि कलम ३ यांच्या कसोट्या त्याला वेगळ्याने लागतील.

आता सिद्धान्त. मीमांसेच्या मते विधी तोच, जो आधी अज्ञात असलेले काही सांगतो. ज्ञात गोष्ट पुन्हा सांगणारे वाक्य अनुवाद ठरते आणि अनुवादाला स्वतःचे फळ नसते. पेटंट हे जनतेला अज्ञात असलेले ज्ञान दिल्याचे फळ आहे. एकदा दिलेल्या ज्ञानासाठी दुसऱ्यांदा फळ मागणे म्हणजे अनुवादाला विधीचे फळ मागणे होय. पूर्वपक्षाचा पहिला मुद्दा यातच निकालात निघतो : दाव्याचे शब्द हक्काची सीमा आखतात हे खरे, परंतु हक्काचे कारण शब्द नसून त्यांनी दिलेले नवे ज्ञान आहे. करमाडच्या शिवारातील एखाद्या गटाचे पोटहिस्से पाडले, तर सातबारे अनेक होतात, पण जमिनीचे एकूण क्षेत्र तेवढेच राहते आणि एकच तुकडा दोन सातबाऱ्यांवर दाखवला तर ती नोंद दुरुस्त करावी लागते. शोधाच्या विभाजनाचेही तसेच आहे.

तिसऱ्या मुद्द्याला, म्हणजे मुदत न वाढल्यास हानी काय याला, धर्मशास्त्रात उत्तर सापडते. स्मृतींनी व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली, त्यांत दिलेले दान परत घेण्याचा वाद हे एक स्वतंत्र पद आहे. पेटंटाच्या करारात शोधकर्ता मुदतीनंतर आपला शोध सर्वांना देतो आणि त्या मुदतीत तो कोठपर्यंत आपला आहे हेही स्पष्ट करतो. या दोन्ही गोष्टी त्याने दिलेल्या आहेत. दुसऱ्या पेटंटाने कधी पहिली परत घेतली जाते, कारण अमेरिकेत कार्यालयीन विलंबापोटी मुदतीत भर पडते आणि अशा भरीने वाढलेले पेटंटही दुबार तत्त्वाने रद्द होऊ शकते, असा निर्णय तेथील संघीय अपील न्यायालयाने २०२३ मध्ये सेलेक्ट कंपनीच्या प्रकरणात दिला. कधी दुसरी परत घेतली जाते : दोन पेटंटे दोन मालकांच्या हाती गेली, तर एकाच वस्तूसाठी एकाच उत्पादकावर दोघे खटले भरू शकतात, आणि लहान उद्योजकाला परवाना कोणाकडून घ्यावा हेही कळेनासे होते. हानी केवळ दिवसांत मोजायची नसते.

दुसऱ्या मुद्द्यात, म्हणजे लहान सुधारणांच्या बाबतीत, मात्र पूर्वपक्षात तथ्य आहे आणि भारतीय कायद्याने ते मान्य केलेले आहे. कलम ५४ ते ५६ मध्ये पुरवणी पेटंटाची सोय आहे. मूळ शोधात सुधारणा करणाऱ्या पेटंटधारकाला तिच्यासाठी असे पेटंट मिळू शकते. ती सुधारणा मूळ शोधाच्या तुलनेत पुरेशी शोधक नाही, एवढ्याच कारणावरून ते नाकारता येत नाही. परंतु त्याची मुदत मूळ पेटंटाबरोबरच संपते आणि त्यासाठी वेगळे नूतनीकरण शुल्क लागत नाही. वेगळे आहे, तरीही स्वतंत्र नाही, अशी ही स्थिती भेद आणि अभेद दोन्ही एकत्र मानणाऱ्या भेदाभेदवाद्यांना परिचित वाटावी. अमेरिकेत आक्षेप आल्यानंतर अर्जदार मुदतीचा त्याग लिहून देऊन जेथे पोहोचतो, तेथे भारतीय कायदा अर्जदाराला आरंभीच, उघडपणे आणि सन्मानाने नेतो. दोन मार्गांत हा दुसरा अधिक प्रामाणिक आहे, कारण त्यात सुधारणेला सुधारणा म्हटले जाते.

या सिद्धान्ताची संगती न्यायालयांच्या निर्णयांशी लावून पाहता येते. मधुमेहावरील डापाग्लिफ्लोझिन या औषधाविषयी ॲस्ट्राझेनेका आणि इंटास यांच्यातील वादात ॲस्ट्राझेनेका कंपनीची दोन पेटंटे होती, एक संयुगांच्या विस्तृत कुळाचे आणि दुसरे त्यातील विशिष्ट संयुगाचे. एकाच औषधाने दोन्ही पेटंटांचा भंग होतो असे कंपनीने म्हटले, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने जुलै २०२१ मध्ये एका शोधाला एकच पेटंट असू शकते या भूमिकेवरून अंतरिम मनाई नाकारली. येथे भेदाच्या विरुद्ध सर्वांत मोठा पुरावा वादीचे स्वतःचे वर्तन ठरले. दुसऱ्या बाजूला, त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सिंजेंटा कंपनीच्या प्रकरणात असे स्पष्ट केले की, विभाजित अर्जासाठी आवश्यक असलेले शोधांचे अनेकत्व मूळ अर्जाच्या दाव्यांतच दिसले पाहिजे असे नाही, वर्णनात दिसले तरी पुरे. अनेकत्व खरे असेल तर ते ओळखण्यात कायद्याने कंजूषी करू नये, हा त्याचा आशय आहे.

म्हणून नकार देणाऱ्यावरही एक बंधन येते. मीमांसक पूर्वपक्ष पूर्ण ताकदीने मांडल्याशिवाय सिद्धान्ताकडे जात नाहीत. परीक्षकानेही दोन दावे शेजारी ठेवून कोणती पायरी समान आहे, कोणती वेगळी आहे आणि वेगळ्या पायरीला जुन्या पद्धतीत जागा का होती, हे लिहून दाखवले पाहिजे. केवळ वर्णन सारखे आहे, अर्जदार तोच आहे किंवा विषय ग्राहकसेवेचाच आहे, एवढ्यावरून दिलेला नकार हा निर्णय नसून संशयच असतो. आणि परीक्षकाच्याच सांगण्यावरून अर्जदाराने अर्ज विभागला असेल, तर त्या विभाजनाबद्दल त्याला दोषी धरणे अन्यायाचे आहे.

पेटंट मागणाऱ्या उद्योजकाने, मग तो शेंद्र्याचा असो वा पुण्याचा, दुसरा अर्ज करण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा : पहिल्या शोधात या नव्या गोष्टीला जागा होती का? होती, तर ती गोष्ट आधीच देऊन झालेली आहे आणि तिच्यासाठी पुन्हा मागणे योग्य नाही. जुन्या शोधात थोडी सुधारणा असेल तर पुरवणी पेटंटाचा मार्ग मोकळा आहे. आणि जागा मुळीच नसेल, तर स्वतंत्र पेटंट हा त्याचा हक्क आहे, मग दोन्ही अर्जांचे शब्द कितीही सारखे दिसोत.